चाचांच्या हातात दिलेला कागद

मधली सुट्टी होती, पोरं खिचडीसाठी ओळीत उभी होती, तेव्हा शाहीनचा फोन आला. शाहीन म्हणजे युसूफचाचांची मुलगी, दारव्ह्यात वडिलांजवळच राहायची. "ललिताबाई, अब्बा गेले. दुपारी जोहरच्या नमाजनंतर माती हाये. याचं असन तं या." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. त्या 'याचं असन तं'चा अर्थ मला कळला. दीड वर्ष मी त्या घरात गेले नव्हते आणि का गेले नव्हते, ते शाहीनला ठाऊक होतं. माझी शाळा बोरी अरबला, तिथून जीप भरायला वेळ लागला. पोचले तेव्हा जनाजा निघून गेलेला. आत बायकांमध्ये जाऊन बसले. कुणी सरकून जागा दिली, कुणी दिली नाही.

चाचा गेल्यावर अनेकांनी त्यांच्यावर लिहिलं. ते किती प्रेमळ होते, वगैरे. चाचा प्रेमळ नव्हते. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, सभेची पत्रकं, असलं काम. शिक्षण मॅट्रिक. घरात उर्दू, छापखान्यात मराठी. रविवारी दुपारी मशीन बंद ठेवून ते बाकावर बसायचे आणि तालुक्यातले लिहिणारे आम्ही सगळे आपापले कागद घेऊन त्यांच्यासमोर. मी विसाव्या वर्षी पहिली कथा घेऊन गेले. ती त्यांनी उभ्यानंच वाचली, शेवटचं पान वेगळं काढलं आणि विचारलं, "हे पान कोणासाठी लिहिलं वो? लोकायले रडवाले?" मी काही बोलायच्या आत टराटरा फाडलं. "आता जा. कथा इथंच संपली." मी घरापर्यंत रडत गेले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. एका प्राध्यापकांची कवितांची वही तर त्यांनी सगळ्यांसमोर परत दिली होती, "हे तुम्ही घरीच ठेवा सर," म्हणून. तरी आम्ही जायचो, कारण तो माणूस एकेक पान तीनतीनदा वाचायचा. आपलं लिहिलेलं कुणी इतकं मन लावून वाचतं, हे आमच्यापैकी कुणी घरीदारी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या पहिल्या पुस्तकातली एकही ओळ त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापली गेली नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांना मेंदूचा झटका आला. हलकाच होता. हात, पाय, जीभ, सगळं ठीक. महिनाभरात ते पुन्हा बाकावर येऊन बसले. मी तेव्हा चार वर्षं खपून कादंबरी पूर्ण केली होती. ती त्यांच्याकडे दिली. दीड महिना त्यांनी ठेवून घेतली आणि परत देताना म्हणाले, "मस्त झाली. छापून टाक." कुठं खूण नाही, शेरा नाही. मी घाबरायला हवं होतं. मी हुरळले.

कादंबरी आली. सहाव्या प्रकरणात जिला मी मारलं होतं, ती आत्या बाराव्या प्रकरणात चूल पेटवत होती. लिहिताना प्रकरणं मागंपुढं झाली आणि ते राहून गेलं. एका परीक्षणात त्याची यथेच्छ थट्टा झाली. शाळेतसुद्धा लोक विचारायचे, "आत्याबाई काय म्हणतात?" लोकांच्या हसण्यापेक्षा मला चाचांचा राग आला. त्यांनी वाचलंच नाही, याची माझी खात्री झाली. माझं नाव झालेलं त्यांना खुपलं असेल, इथपर्यंत माझं मन गेलं.

एका रविवारी मी शाळेच्या पोषण आहाराची टाइप केलेली यादी घेऊन गेले. तांदूळ, मूगडाळ, हळद, मोहरी... चार-पाच नवे लिहिणारे बसलेले होते. मी म्हटलं, "चाचा, नवीन कथा आहे. आत्ताच बघा ना." त्यांनी चष्मा पुसला. कागद धरला. डोळे ओळीवरून इकडून तिकडं फिरत होते. मी त्यांच्याकडे बघत होते आणि खरं सांगते, मला मजा वाटत होती. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "सुरुवात जमली तुले. मधात थोडं लांबवलं." शेजारच्या एकानं वाकून पाहिलं आणि तो फस्सकन हसला. "चाचा, हे तं दाय-तांदयाची यादी हाय!" मग सगळेच हसले. चाचांनी कागदाची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चाय पेऊन जा." मी चहा न घेता निघाले. पुढच्या आठवड्यात हा किस्सा मी जिथं जाईन तिथं सांगितला. रंगवून सांगितला. बाकावर बसणारे एकेक कमी झाले. मग छापखानाही बंद झाला.

खरं काय ते मला सहा महिन्यांनी कळलं, तेही शाहीन बाजारात भेटली म्हणून. झटक्यात चाचांचं वाचणं गेलं होतं. नजर चांगली, लिहिता यायचं, पण स्वतः लिहिलेलंसुद्धा लगेच वाचता यायचं नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं होतं कधी कधी. "अब्बानं कोणाले सांगू देल्लं नाही," शाहीन म्हणाली. "तुमची कादंबरी मी वाचून दाखवतो म्हणलं, तं म्हणे नको. तिनं मले वाचाले देल्ली हाये."

मी तशीच त्यांच्या घरी गेले. दारात चप्पल काढत होते, तेवढ्यात पडद्याआडून त्यांचा आवाज आला. मला ऐकू यावा इतका मोठा. "शाहीन, तिले सांग, चाचा घरी नाहीत." शाहीन बाहेर आली, माझ्याकडे न पाहता तेच बोलली. मी चप्पल पुन्हा पायात घातली... त्यानंतर तिथं गेले ती थेट मयतीलाच.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर शाहीननं आपणहून बोलावलं. चाचांच्या पलंगावर तिनं मला बसवलं आणि सांगितलं, ते मी इथं सांगून टाकते. त्या रविवारनंतर चाचांनी पहिलीचं पुस्तक आणवलं. रोज सकाळी दोन तास, बोटानं अक्षर गिरवत. घ आणि ध मध्ये अडायचे, चिडायचे, पुस्तक फेकायचे, पुन्हा उचलून आणायचे. वर्षभरात दुकानांच्या पाट्या लागायला लागल्या. मग शाहीन त्यांना स्कूटरवर मागं बसवून गावभर फिरवायची आणि ते मोठ्यानं वाचत जायचे... किराणा, कृषी केंद्र, चष्मेघर.

जायच्या महिनाभर आधी त्यांनी चौकात स्कूटर थांबवायला लावली. मला आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला म्हणून आमच्या सहकाऱ्यांनी तिथं फ्लेक्स लावला होता. माझा फोटो, माझं नाव. चाचा खाली उतरले. ऊन होतं. एकेक अक्षर करत त्यांनी नाव वाचलं, पूर्ण. शाहीन म्हणाली, "मले वाटलं, आता काहीतरी बोलतीन."

"मग?" मी विचारलं.

"म्हणे, हार्दिकमधला दि ऱ्हस्व पाह्यजे. गधड्यायनं दीर्घ छापला. चाल."

तिच्या घरून निघाल्यावर मी चौकात गेले. फ्लेक्स अजून होता, उन्हानं माझा चेहरा पांढरा पडलेला. दि दीर्घच होता. इतके दिवस मी त्याखालून जात होते.