वाऱ्यातलं कळणारे शेजारी

काल्हेरच्या आमच्या शेजाऱ्यांना वाऱ्यातलं फार कळतं. मॉरिशसला जाऊन आल्यापासून तर ते दुसरं काही बोलतच नाहीत. तिथे फळीला शीड लावून ती समुद्रावर पळवतात, तो खेळ त्यांना शिकायचा होता. त्याला चांगला वारा लागतो, म्हणून सगळी सुट्टी त्यांनी भाड्याच्या गाडीतून किनारे पालथे घालण्यात घालवली. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, बोट तोंडात घालून ओलं करायचं, वर धरायचं आणि मान हलवायची. "वारा हाय, पन कामाचा न्हाय."

अखेर मनासारखा किनारा सापडला. तेव्हा लाइफ जॅकेट घालून त्यांनी समुद्राला नारळ वाहिला आणि शिकवणाऱ्या माणसालाही हात जोडायला लावले. फळीवर मात्र ते चढलेच नाहीत. वारा बरोबर शोधला की अर्धं काम झालं, असं त्यांचं म्हणणं.

परवा दुपारी ते फोटो दाखवायला आमच्याकडे आले. चार फोटो होईपर्यंत त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला. "वहिनी, तुमच्याकडं वारा कसा न्हाय?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. पूर्वी तिथून खाडी दिसायची. आता त्यांच्याच नव्या गोदामाची पत्र्याची भिंत दिसते, आणि वर बोटभर आभाळ.

ते उठले. ओलं केलेलं बोट त्यांनी खिडकीबाहेर बराच वेळ धरलं. मग माझ्याकडे वळून अगदी काळजीने म्हणाले, "खिडकी चुकीच्या अंगाला काढली तुमी."