सरपंचबाईंचा फोन

निमोण्याच्या पुढच्या एका वाडीत सविता सरपंच होती, म्हणजे पाटीवर होती. जागा बायकांसाठी राखीव निघाली तेव्हा पृथ्वीराजने बायकोला उभं केलं. निवडून आल्यापासून सह्या तिच्या, खुर्ची त्याची, आणि तिचा फोनही त्याच्याच खिशात. सगळीकडे असंच चालतं म्हणे. सगळे शेण खातात म्हणून शेणाला साखरेची चव येते काय?

गेल्या वर्षी सविताला डिप्रेशनने गाठलं होतं. अंघोळ नको, जेवण नको, लेकराकडे बघणंसुद्धा नको. शिरूरच्या डॉक्टर अनुपमांनी तिला त्यातून ओढून काढलं आणि दुखणं उलटू नये म्हणून तिच्या फोनमध्ये एक ॲप घातलं. बाई किती चालते, कधी झोपते, किती जणांशी बोलते, हे त्यातलं एआय बघणार आणि लक्षण बिघडलं की डॉक्टरांना आधीच कळवणार. सविताला केवढा धीर आला! आपल्याला सांगता आलं नाही तरी कोणीतरी सांगेल. घरी परतताना गाडीतच पृथ्वीराजने फोन परत मागून घेतला.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला ते पुन्हा सुरू झालं. सकाळी उठवेना. गॅसपुढे उभी राहिली की दूध उतू जाई आणि ती नुसती बघत राही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "डॉक्टरचं मशीन काय येडं हाय व्हय? काय असतं तर फोन आला नसता का?"

तपासणीला गेल्यावर डॉक्टर खुशीत होत्या. "सविताताई, कमाल केलीत! भरपूर चालता, दिवसभर माणसांत असता, झोपही छान. आता गोळ्या कमी करू."

ते चालणं पृथ्वीराजचं होतं. चावडीवरचं, लग्नांतलं, ढाब्यावरचं. सविताने त्याच्याकडे पाहिलं. "व्हय मॅडम, लई सुधारलीय," म्हणत तो मान डोलावत होता. फोन कोणाच्या खिशात असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! तिला त्या डोलणाऱ्या मानेची शिसारी आली.

"मॅडम, ही तब्येत ह्यांची हाय," ती म्हणाली. "माझा फोन ह्यांच्याकडंच असतो. मी घराबाहीर पडत न्हाई. मला पुन्हा जगू नये वाटाय लागलंय."

डॉक्टरांचं पेन थांबलं. पृथ्वीराज हसला. "गावचा कारभार असतो मॅडम. फोन बाईमाणसाकडं ठिवून कसं भागंल?"

सविताने हात पुढे केला. तो देईना. डॉक्टर त्याच्याकडे टक लावून बघायला लागल्या तेव्हा कुठे त्याने दिला. तेवढ्यात तो वाजला.

"सरपंच हायत का?"

"बोलतीय."

"तुम्ही न्हाई ओ वहिनी, सरपंचांना द्या."

तिने फोन बंद करून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि खुर्ची डॉक्टरांकडे ओढली.

"आता माझी तब्येत बघा, मॅडम."