हडपसरला चाखायला

राजवाड्याचं हॉटेल करायचं चिरंजीवांनी ठरवलं, त्याला माझी हरकत नव्हती. पण पाहुण्यांनी माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढायचे, असंही ठरलं. दिवाणखान्यात पेंढा भरलेला वाघ आहेच. त्याच्या बाजूला मी. "पुण्याला काम मिळालं तर तिथं राहीन, नाही मिळालं तर येऊन वाघाशेजारी उभी राहीन," असं सांगून एसटीत बसले.

काम मागायचं होतं मालतीबाईंकडे. आमच्या जुन्या कारभाऱ्यांची ही लेक. सासर सदाशिव पेठेत आणि हडपसरला मेस (महिन्याचे पैसे भरून जेवायची खानावळ).

पुण्यात उतरून रिक्षापाशी उभी राहिले. आमच्याकडे कुणी 'बसावं' म्हटल्याशिवाय वाहनात पाय टाकत नाहीत. रिक्षावाल्याने बराच वेळ पाहिलं.

"आजी, बसताय की ओवाळताय?"

बसले.

हडपसरला एका बाजूला काचेच्या उंच इमारती, दुसऱ्या बाजूला अजून थोडा ऊस. मधून गळ्यात पट्टे घातलेली मुलं-मुली लगबगीने जात होती. आमच्याकडे पट्टे शिकारी कुत्र्यांना असत. ती मात्र इतकी घाईत नसत.

मालतीबाई दारातच भेटल्या. "या. राणीपण चपलांबरोबर बाहेर काढा. स्वयंपाक येतो?"

"नाही."

"भाजी चिरता?"

"चिरताना पाहिलीय."

"मग आधी जेवून घ्या. उपाशी माणसाला नाही म्हणणं बरं दिसत नाही."

म्हणजे वाघ ठरलाच, असं समजून मी पाटावर बसले. ताट आलं. मी हात मांडीवर ठेवून थांबले. वाड्यावर ताट आधी दासी चाखते. थोडा वेळ जाऊ द्यायचा. ती धडधाकट राहिली की आपण जेवायचं. मालतीबाईंना तसं सांगितलं.

"अहो, महिन्याच्या वर्गणीत विष बसत नाही आमच्याकडे. जेवा."

जेवले. आमटी जीभ पोळेल इतकी गरम होती. लग्न झाल्यापासून असं काही तोंडात गेलं नव्हतं.

"मीठ जास्त आहे," मी म्हणाले. "भात चिकट. वांगं कालचं."

मालतीबाई गप्प राहिल्या. पुण्यात हे क्वचितच होत असावं. मग त्यांनी चमचाभर आमटी चाखली.

"पहाटेपासून शिजवून मला चवच कळत नाही. मुलं तोंडावर बोलत नाहीत, सरळ दुसरी मेस धरतात. उद्यापासून पंगत बसण्याआधी तुम्ही चाखायचं. पण उगाच कौतुक केलंत तर परत पाठवीन."

"कौतुक मला येत नाही."

"मग राहा."

दुसऱ्या दिवशी अमरावतीकडची एक मुलगी विचारत होती, मी इथं काय करते. चाखते म्हटलं.

"आम्हीही कंपनीत तेच करतो, आजी. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या."

"त्याचा पगार देतात?"

"देतात की!"

हे शहर मला मानवणार, हे तेव्हाच कळलं.

ट्रंक न्यायला वाड्यावर परत आले. चिरंजीवांचा चेहरा पडला. "आईसाहेब, दासीचं काम करणार तुम्ही?"

"करणार, राजे. इतकी वर्षं दासी गरम जेवली आणि राणी गार. हे कळायला मला हडपसर गाठावं लागलं."

सूनबाईंना वेगळीच काळजी होती. "पण पाहुण्यांनी विचारलं, तर आईसाहेब कुठं गेल्या म्हणून सांगू?"

"सांगा, जेवायला गेल्यात."