आचके देणारी फटफटी

मंडळी, आज माझं कसब माझ्याच अंगाशी आलं.

सकाळी कंग्राळीचे आप्पा पोराची फटफटी तेलपाण्याला घेऊन माझ्या दुकानात आले. लई आचके देत होती. न विचारताच लष्करी भंगारातला कार्बुरेटर बसवला, मशीन लोण्यागत चाललं. जुना घाणीनं भरलेला, तो धुऊन फळीवर ठेवला.

दुपारी आप्पा परत हजर. "जुनाच बसव रं. पोरगा बर्म्याच्या लढाईत मेला, त्याच्या आईला पटत न्हाय. ह्ये आचके ऐकले की पोरगा आला म्हणून दोन घास खाती. आज म्हणाली, कोण पाव्हणं आलं?"

जुना बसवला. धुतलेला, तोही सुरळीत चालला! स्क्रू पिळून आचके आणले. आप्पांनी कान दिला. "ह्ये त्याचे न्हाईत."

आप्पा अजून दुकानातच बसलेत. घरी ती उपाशी. सांगा, धुतलेली घाण कुठनं आणू?