गेटवरची नजर

चारकोपच्या आमच्या सोसायटीत नवा वॉचमन आला, साताऱ्याकडचा माजी फौजी. मी आणि माझा जोडीदार समीर बाहेर पडलो की तो मिशीवर बोट फिरवत बघत राहायचा. माझं गावही तिकडचंच, घरटी एक जवान देणारं. मी भरतीच्या धावण्यात मुद्दाम मागे राहिलो आणि मुंबईला पळालो. हा गावात सगळं सांगणार, या भीतीने मी त्याच्यासमोर ताठ व्हायचो, समीरपासून हातभर लांब.

एकदा मला एकट्याला गाठून तो हळूच म्हणाला, "माझ्यासमोर सावधान कशाला रं? पलटणीत माझाबी एकजण होता."

हल्ली आम्ही दिसलो की आम्हाला मोकळीक मिळावी म्हणून तो पाठ करून उभा राहतो. तरी मी हातभर लांबच चालतो.