गाठीचा निकाल सांगणारी बाय

बायना 'काळजी करू नका' असं म्हणताना मी कधीच ऐकलं नाही. वेंगुर्ल्यातल्या आमच्या छोट्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या. गळ्यातल्या गाठीत सुई घालून काढलेल्या पेशी त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. पेशंट त्यांना नुसतं 'बाय' म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणू लागले. मी घाटावरून नवीनच आलेली डॉक्टर. माझ्याशी त्या प्रमाण मराठीत बोलायच्या, पेशंटशी मालवणीत.

रिपोर्ट कधीही एकटा वाचायचा नाही, असा त्यांचा हट्ट होता. "सोनोग्राफी कुठाय? गाठीला हात लावून बघितलास?" त्या विचारायच्या. एकदा एका रिपोर्टात पेशी पुरेशा नाहीत असं आलं आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. बाय शांतपणे म्हणाल्या, "पेशी आल्या नाहीत, म्हणजे गाठ चांगली असं नव्हे. आपल्याला अजून काहीच दिसलेलं नाही."

धामापूरची एक शेतकरीण नवऱ्याला घेऊन आली होती. तिचा निकाल धड चांगलाही नव्हता, धड वाईटही नव्हता. बायनी तिला जवळ बसवलं. "तुझ्या गाठीत काय आसा, ता माका अजून कळूक नाय."

"म्हणजे क्यान्सर नाय मां?" नवऱ्याने विचारलं.

"'नाय' असा मी म्हणूक नाय. 'आसा' असाय म्हणूक नाय. थोडे महिने रावा, परत सुई घालूया."

नवरा चिडून निघून गेला. ती मात्र ठरल्या वेळी परत आली, आणि दुसऱ्या तपासणीत गाठ साधी निघाली. बायनी तेही त्याच आवाजात सांगितलं.

मग एका दुपारी ओपीडी संपल्यावर बाय माझ्या खोलीत आल्या आणि पेशंटच्या खुर्चीत बसल्या. "हात लाव," म्हणाल्या. गळ्याच्या उजव्या बाजूला टणक गाठ लागली. सुई मीच घातली. स्वतःच्या पेशींची काच स्वतः वाचायची नाही, म्हणून त्यांनी ती पणजीला जुन्या पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीकडे पाठवली.

निकाल असा आला, की पेशींवरून पुढचं सांगताच येत नव्हतं. अशी गाठ साधी असू शकते, कॅन्सरचीही असू शकते. ती आपल्या कवचाबाहेर पसरली आहे का, यावर सगळं ठरतं, आणि कवच सुईला दिसत नाही. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा गाठ असलेला अर्धा भाग काढून तपासावा लागतो. मी समजावू लागले, तसं त्यांनी हाताने थांबवलं.

"हे मी कितीजणांना सांगितलं," त्या म्हणाल्या. "ऐकून माणूस घरी जातं आणि काय करतं, ते मात्र मला ठाऊक नव्हतं."

"तुम्ही काय केलंत?"

"बांगडे साफ करून ठेवले होते. ते मांजरांना घातले."

बायचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ऑपरेशन गोव्यात झालं. त्या परत आल्या आणि निकालाची वाट बघत घरी राहिल्या. दिवसभर रेडिओ चालू असायचा. मी भेटायला गेले की तो बंद करायच्या.

एके सकाळी त्यांचा फोन आला. "जेवायला ये."

तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं होतं, दोन ताटं मांडली होती. मी बसल्यावर त्यांनी सांगितलं, कवच शाबूत होतं, गाठ साधी होती. मी त्यांचा हात धरला.

"काल दुपारीच कळलं," त्या म्हणाल्या. "घरात एकदा 'गाठ साधी आहे' असं मोठ्यानं म्हणून बघितलं. बरं नाही वाटलं."

पुढच्या वर्षी त्यांनी काम थांबवलं आणि म्हापशाला थोरल्या बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं. दवाखान्याच्या त्या मागच्या खोलीत आता कोणी बसत नाही. नमुने बाहेर जातात, निकाल माझ्या मोबाइलवर येतात. त्या निघाल्या त्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली.

"आता बोलायला माणूस असेल तुम्हाला," मी खालून म्हटलं.

बाय पहिल्यांदाच माझ्याशी मालवणीत बोलल्या. "तिका ऐकाक येना नाय गो," त्या म्हणाल्या. "पण समोर बसता."