सहा तासांचं विमान

मी चौथी शिकलेला माणूस. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या गेटावर माझी चौतीस वर्षं गेली. टँकर आत कधी आला, बाहेर कधी गेला, दोन्ही टाइम रजिस्टरात लिहायचे आणि वजाबाकी करायची. साहेबांची चूक निघाली असेल, माझी कधी नाही.

म्हणून लेकीच्या बाळंतपणाला बायको अमेरिकेला निघाली तेव्हा तिकीट मीच वाचलं. मुंबईहून पहाटे चार, न्यूयॉर्कला सकाळी दहा. झाले सहा तास. बदलापुरात बिल्डिंगखालच्या कट्ट्यावर आठवडाभर सांगत होतो, आमच्या गावाला एसटीनं याहून जास्त वेळ लागतो!

जावई माझंही तिकीट काढत होता. मी नाही म्हणालो. जावयाच्या पैशानं फिरायची वेळ अजून आलेली नाही.

बायकोला शुगर आहे. तिनं हातातल्या पिशवीत गोळ्या आणि चार दशम्या घेतल्या होत्या. मी काढायला लावल्या. "सहा तासांसाठी कशाला ओझं? मोठ्या बॅगेत टाक, पोचलीस की घे." तिनं मोठ्या बॅगेत टाकल्या. बॅगेला वरून दोरी मीच आवळली.

तिला सोडून घरी आलो तो फोन घेऊन खुर्चीत बसलो. दहा वाजले, अकरा वाजले. बारा वाजता लेकीला लावला, तिनं उचलला नाही. शेवटी शेजारच्या बाईंकडे गेलो. त्या बँकेत आहेत, रविवार म्हणून घरी होत्या. त्यांनी मोबाइलमध्ये बघितलं.

"काका, विमान अर्ध्या वाटेवर आहे. पोचायला संध्याकाळचे साडेसात होतील."

"तिकिटावर तर दहा लिहिलंय."

"ते तिथले दहा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. एकूण साडेपंधरा तासांचा प्रवास."

"घड्याळ मागे असलं म्हणून..." मी बोलायला गेलो आणि थांबलो. घड्याळ कुठलंही असो, बसणाऱ्याला बसावंच लागतं. ती साडेपंधरा तास बसणार, आणि गोळ्या विमानाच्या पोटात, माझ्या दोरीनं आवळलेल्या.

"विमानात जेवण देतात, काका."

"गोळी देतात का?"

मी घरी परत आलो.

दुपारी चहा केला, तसाच मोरीत ओतला. गुडघे ठणकत होते तरी दार ते गॅलरी फेऱ्या मारत राहिलो. टँकर दहा तास आत अडकला तरी मला कधी काही वाटलं नव्हतं. त्यात माझं माणूस नसायचं.

नऊच्या सुमारास फोन आला.

"पोचले हो. लेक घ्यायला आलीय."

"गोळ्या?"

"घेतल्या की, वेळच्या वेळी."

"बॅगेत होत्या ना?"

"तुम्ही दोरी शोधायला गेलात तेव्हा काढून घेतल्या. दशम्यापण."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"लेकीनं महिन्यापूर्वीच सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कट्ट्यावर सगळ्यांना सहा तास सांगत सुटला होतात. चारचौघांत मी कशी खोटं पाडू तुम्हाला?"

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो.

कट्ट्यावर आता खरं सांगायला हवं. उद्या सांगतो म्हणतोय, त्याला चार दिवस झाले. ती तीन महिन्यांनी यायची आहे. परतीच्या तिकिटाची झेरॉक्स फ्रीजवर ठेवलीय. त्यावर दोन टाइम आहेत. मी अजून वजाबाकी केलेली नाही.